भ्यायची पाळी

आमच्या काकीनं भीतीला वेळ नेमून दिली होती. पावसाळ्यात नदी फुगली की सकाळी उठल्यापासून दुपारी बारापर्यंत घरातल्या प्रत्येकानं हवं तेवढं भ्यावं, पाण्याचं बोलावं, देव आठवावेत, एकमेकांवर खेकसावं. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले की बंद. मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पुराचं नाव काढायचं नाही. कुणी काढलंच तर काकी हातातलं लाटणं उगारायची. "सकाळी काय झोपलतास व्हय? उद्या ये आता भ्या घिऊन."

मी मुळात भित्रा. त्यात माझे आईवडील गडहिंग्लजला नोकरीला आणि मला चांगल्या शाळेसाठी कोल्हापुरात काका-काकीकडे ठेवलेलं. त्यांना मूल नव्हतं. घर नदीकडच्या उताराच्या गल्लीत, खाली एक मोठी खोली आणि वर दोन. तिथल्या पहिल्याच पावसाळ्यात मला कळलं, की पूर दारातून येत नाही. आधी न्हाणीघरातली मोरी गुरगुरते, मग तिच्यातून काळं पाणी वर येतं, आणि झुरळं रांगेनं भिंत चढायला लागतात. तो गुरगुराट ऐकला की मी आधी जिन्याच्या दोन पायऱ्या चढायचो. पन्नाशीला आलो तरी चढतो. मोरीत नुसती बादली ओतल्याचा आवाज झाला तरी चढतो.

काकीची सकाळ म्हणजे मोहीम असायची. गव्हाची पोती, पिठाचे डबे, सिलिंडर, अंथरुणं, सगळं जिन्यानं वर. शिधापत्रिका, घराचे कागद, काकांच्या औषधांच्या चिठ्ठ्या प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत, एकात एक घालून. शिवाय प्रत्येक माणसाच्या नावाचं एक बोचकं. माझ्या बोचक्यात कपड्यांबरोबर एक पत्त्यांचा कॅट असायचा, हे मी कॉलेजात जाईपर्यंत मला माहीत नव्हतं. ती बोलायची अस्सल कोल्हापुरी बायकांसारखी, "मी आलो, मी गेलो" अशी. "मी वर जातो, तू खालनं दे, आन् रडत देऊ नको, डबा निसटतोय," असा हुकूम सुटायचा.

आणि बारा वाजले की ती हातपाय धुऊन कुंकू लावायची. सामान वर गेल्यानं खालची खोली मोकळी झालेली असायची. एरवी जिथं दोन माणसं धड समोरासमोर येऊ शकत नसत, तिथं आता लंगडी खेळता येई. काकी पदर खोचायची, शेजारच्या दोघी-तिघींना हाका मारायची, आणि त्या रिकाम्या खोलीत फुगड्या सुरू व्हायच्या. आषाढ असला तर रस्सा, श्रावण असला तर पुरणपोळी. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलेलं असायचं आणि आमच्या घरात बायका फुगडीत चक्कर येऊन भिंतीला टेकून हसत असायच्या. मी जिन्यावर बसून मोरीकडे कान लावायचो. मला हसू यायचं, पण मी खाली उतरायचो नाही.

मला वाटायचं, काकीला भीती वाटतच नसावी. एकदा सकाळी तिच्या हातून डबा घेताना पाहिलं, डब्याचं झाकण वाजत होतं. "काकी, तुला भीती वाटते?" मी विचारलं.

"वाटतीय तर," ती म्हणाली. "माज्या बापाचं घर पाण्यानं न्हेलंय. त्येच्या आदी आठ दिस आमी नुसतं भिऊन बसलतो. चूल न्हाई, बोलनं न्हाई. पाणी आलं तवा उपाशीच हुतो. घर गेलं त्ये गेलंच की रं, त्ये आठ दिस बी गेलं. त्येच माज्या जिवाला लागलंय."

एवढं बोलून तिनं मला दुसरा डबा दिला.

जिन्याच्या भिंतीवर चौथ्या पायरीपाशी काकांनी तांबड्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली होती. आजवर आलेल्या सगळ्यात मोठ्या पुराची ती खूण. गल्लीत घरोघरी अशी रेघ होती, आणि तिच्यावर सगळ्यांचा देवासारखा विश्वास. पाणी रेघेच्या खाली असेपर्यंत कुणी घर सोडत नसे, आणि रेघेच्या वर ते येतच नसे. माझं लग्न झालं, मुलगी झाली, तरी मी त्याच घरात राहिलो. काकांना मधेच लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यांची खाट वरच्या खोलीत कायमची पडली. त्यांना हलवणं सोपं राहिलेलं नाही हे आम्हाला दिसत होतं. पण रेघ होती ना.

त्या वर्षी माझ्या मनूचा पहिला वाढदिवस नेमका पुरात आला. खाली दोन पायऱ्या बुडालेल्या. गल्लीत पोरं ट्रॅक्टर आणून लोकांना वरच्या भागात नेत होती. सकाळी त्यांनी हाक मारली तेव्हा काकीनं गॅलरीतून रेघेचा हिशेब सांगितला. "अजून दोन पायऱ्या हाईत. दुपारी बगू." बारा वाजले. तिनं हात धुतले, मनूला पाटावर बसवलं, ओवाळलं, आणि पोळ्या लाटायला बसली. काकांना तुपात कुस्करलेली पोळी भरवली. ते डाव्या हातानं मनूचं पाऊल धरून बसले होते.

दीड वाजता मी हात धुवायच्या निमित्तानं जिन्यात गेलो. रेघ दिसत नव्हती. मी वाकून पाहिलं, तर ती पाण्याखाली चार बोटं खोल गेलेली, हलणारी, तांबडी. मी तिथं किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. बाहेर ट्रॅक्टर फटफटत होता आणि पोरं ओरडत होती, "शेवटची फेरी हाय, कुणी ऱ्हायलंय का?" वर काकी मनूला टाळ्या वाजवायला शिकवत होती, माझी बायको हसत होती. घड्याळात दीड वाजला होता. पस्तीस वर्षं मी तो नियम पाळला होता. मी म्हटलं, उतरेल. वर आलो, पानावर बसलो आणि अर्धी पोळी खाल्ली. त्या पोळीची चव मला आजही आठवत नाही. ट्रॅक्टरचा आवाज लांब गेलेला मात्र आठवतो.

साडेतीनला काकी उष्टी भांडी घेऊन जिन्याकडे गेली आणि तिथंच थांबली. पाणी सहाव्या पायरीला लागलं होतं.

"सुन्या," ती वळून म्हणाली. "रेघ कवा गेली?"

"दीडला."

"आन् बोलला न्हाईस?"

"बारा वाजून गेलते, काकी."

काकीनं माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती, तिनं भांडी फेकून मारली असती तर बरं झालं असतं. तिनं भांडी तिथंच पायरीवर ठेवली आणि ती काकांच्या खाटेकडे वळली.

पुढचे दोन तास मी सांगू नयेत असंच मला वाटतं. पाचच्या सुमाराला नाव आली. ती गॅलरीच्या खाली लावली, पण ओढ एवढी की नाव भिंतीला थडकून मागं जायची. काकांना गोधडीत गुंडाळून नऊवारी लुगड्यानं बांधलं आणि कठड्यावरून खाली सोडलं. वरून मी धरलं होतं. त्यांनी धड हातानं माझी कॉलर पकडली होती आणि ती सोडवेना. त्यांचे डोळे माझ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होते. त्यांना बोलता येत नव्हतं म्हणून ते काय म्हणत होते हे मला जास्तच कळलं. काकीनंच एकेक बोट सोडवलं आणि खाली नावेतल्यांवर ओरडली, "पावणं, हळू! मानूस हाय, पोतं न्हाय!"

आम्ही सगळे वाचलो. एका शाळेच्या वर्गात आम्हाला जागा मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. काकी आली, मांडी घालून बसली.

"चूक तुजी न्हाय," ती म्हणाली. "नियमच माजा अर्दा हुता. समद्यांनी एकदम भ्यायचं आन् समद्यांनी एकदम सोडायचं, आसं न्हाई चालत. एकानं भ्यायचं, बाकीच्यांनी जेवायचं. तासानं पाळी बदलायची."

मग तिनं मास्तरांचं स्टूल उचलून वर्गाच्या दारात ठेवलं आणि बाहेरच्या पाण्याकडे तोंड करून बसली. "पयली पाळी माजी. बोचक्यात पोळ्या हाईत कालच्या, वाटा समद्यांस्नी. आन् पोरीला टाळ्या वाजवू दे की." घर सोडतानाही तिनं बोचक्यात पोळ्या बांधल्या होत्या. त्या वर्गातल्या अनोळखी माणसांनी मनूचा वाढदिवस पुरा केला.

काका त्यानंतर दोन वर्षं जगले, अंथरुणातच, पण अंथरूण कोरडं होतं. तांबड्या रेघेच्या वर नवी रेघ आली, तिच्यावर मात्र आम्ही कुणी विश्वास ठेवला नाही. प्रत्येक पावसाळ्यात जिन्याच्या तोंडाशी एक स्टूल असे. पाळीपाळीनं आम्ही त्यावर बसायचो, मागं घरात पत्ते, भेंड्या, फुगड्या चालायच्या. माझी पाळी संपली तरी मी उठायचो नाही. मग काकी दंडाला धरून उठवायची. "ऊट. तू बसलास म्हनून पाणी उतरंल व्हय? मला बसू दे, तू जा, भजी निवाय लागल्यात." आणि मी जायचो. पाठीमागं ती आहे म्हटल्यावर भजी गोड लागायची, हे खरं आहे.

गेल्या वर्षी तिला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, की आता फार दिवस राहिले नाहीत. मी तिच्या खाटेशी स्टुलावर बसलो तो उठेना. तिसऱ्या दिवशी मनूचा वाढदिवस होता. काकीला तारीख पाठ.

"सुन्या, घरी जा. पोरीला ओवाळा."

"नको, काकी. आज नको."

"भ्या वाटतंय?"

मी मान डोलावली. पन्नाशीचा माणूस, रडत होतो.

"मला बी वाटतंय," ती म्हणाली. "पर आज पाळी माजी हाय. ऊट की."

गडहिंग्लजहून आलेल्या माझ्या आईला तिच्यापाशी बसवून मी घरी गेलो. मनूला ओवाळलं. पुरणपोळी खाल्ली, दोन खाल्ल्या, तूप घालून. पोरींनी खोलीतलं टेबल बाजूला सारून फुगड्या घातल्या, तेव्हा मी हसलोसुद्धा. पाच वाजता परत आलो. काकी उशीला टेकून जागी बसली होती, दाराकडे तोंड करून.

"कोन कोन आलतं?" तिनं विचारलं. मी सगळ्यांची नावं सांगितली. पोळ्या फाटल्या का, मनू हसली का, फुगडीत कोण पडलं, सगळं तिनं विचारून घेतलं. मी सांगत गेलो. ती डोळे मिटून ऐकत होती आणि मधेमधे ओठ हलवत होती.

"झ्याक झालं," ती म्हणाली. मग तिनं हातानं स्टूल दाखवलं. "बस आता तितं. मी जरा पडतो."

मी स्टूल ओढलं आणि बसलो.