मिठागराचा पाय

कमळूदादाच्या दोन पायांत कायम दोन वेगळ्या माणसांचे बूट असायचे. डाव्यात इसाक वेल्डरचा काळा, उजव्यात कुणा नव्या फिटरचा तपकिरी, आणि स्वारी अशी ऐटीत चालायची की वाटावं, दुकानात जोड असाच मिळतो. रेवदंड्याच्या खाडीकाठी आमचं बार्ज दुरुस्तीचं यार्ड आहे. तिथे मी कामाला लागलो त्या दिवशी मला वाटलं, हा गृहस्थ घाईत घरून निघालेला दिसतो. दुसऱ्या दिवशी बूट बदललेले, पण पुन्हा बेजोडच. न राहवून विचारलं, तेव्हा म्हणाला, "अरं, एकाच मानसाचं दोनी बूट मी घातलं, तं बाकीच्यांनी काय माज्या नावानं बोंबलत बसायचं?"

नवे बूट घालघालून दुसऱ्यांना मऊ करून देणं, हा त्याचा हौसेचा उद्योग होता. आमच्याकडे पुढे लोखंडी वाटी असलेला जाड चामड्याचा बूट सक्तीचा. नवा असताना तो बूट नसतोच, बांधून ठेवलेला चावरा कुत्रा असतो. टाच सोलतो, घोटा धरतो, आणि आतला माणूस तापल्या तव्यावरच्या कोंबडीसारखा चालतो. कमळूदादाला मात्र जगातला एकही बूट चावत नसे. सहा नंबरात त्याचा पाय अंग चोरून बसे, अकरा नंबरात ऐसपैस पसरे. मी डोळ्यांनी पाहिलंय. थोडं वाढवून सांगतोय, पण पाहिलंय.

या पायाचं मूळ मिठागरात होतं. बाप आणि आजा, दोघांचा जन्म खाऱ्या पाण्यात अनवाणी मीठ ओढण्यात गेला. दादाही मिसरूड फुटेपर्यंत त्यातच होता. "आमच्यात पाय बगून पोरगी देत," तो सांगायचा. "टाचंवर नारल फुटला का सोयरीक पक्की!" एकदा यार्डात त्याच्या तळव्याला विंचवाने नांगी मारली. दादा चहा पीत राहिला. विंचवाची नांगी मात्र वाकडी झाली आणि त्याला हळद लावायला दादाच धावला, असं इसाक अजून शपथेवर सांगतो.

माझे पहिले बूट मी माझ्या अकलेने, माणगावच्या बाजारातून, सकाळी सकाळी घेतले होते. दादाने ते वाकवले, हुंगले आणि मयताला आल्यासारखा चेहरा केला.

"सकालच्याला घेतलंस? सकालचा पाय लबाड रं. रातभर निजून बारीक झालेला. पाय मापायचा तो संद्याकालचा, दिसभर राबून फुगलेला. तो खरा बोलतो."

त्याच संध्याकाळी त्याने मला रिक्षात कोंबून अलिबागला हसमुखशेठच्या दुकानात नेलं. शेठने त्याला पाहून कपाळाला हात लावला. "आवो कमळाकरभाई! आज माळ्यावरचे खोके पण काढू के?"

"काडा. आनि शिडी ऱ्हाव द्या, ती पन लागंल."

आधी जाड मोजा. मग नाडी सैल सोडून पाय पुढे ढकलायचा आणि टाचेमागे एक बोट जातं का ते बघायचं. मग नाडी आवळून माझी माळ्याच्या शिडीवर चढउतार. "उतरताना बोटं पुडं आपटली नाय पायजेत. चडताना कुनाचा बी बूट गुमान ऱ्हातो." मी इतक्यांदा चढलो-उतरलो की एका गिऱ्हाइकाने मला दुकानातला माणूस समजून सँडल मागितल्या.

घरी आणल्यावर एरंडेल चोळायचं, ओल्या मोज्यावर बूट चढवायचा आणि तो पायातच सुकेपर्यंत वाळूतून चालायचं. "उन्हात ठेवलास का पापड व्हतो. बुटाला मानसाचा घाम लागतो, सूर्याचा न्हाय," हे सांगतानाच माझा उजवा बूट त्याच्या पायात गेलेलाही असायचा.

पुढे एका हिवाळ्यात मी दुसरा जोड घेतला. दादाने तो दिवसभर यार्डात फिरवला. संध्याकाळी बूट काढला तर मोजा लालभडक, आणि आतून वेल्डिंगच्या रॉडचा जळका तुकडा टणकन खाली पडला.

"कवा गेला रं ह्यो आत?" दादाने विचारलं.

यार्डभर हशा पिकला. "याला म्हणतात मिठागराचा पाय!" इसाकने तो तुकडा ढाल जिंकल्यासारखा सगळ्यांना दाखवला. यार्डाच्या फाटकापर्यंत पोचेतो माझ्या तोंडी त्या तुकड्याची हातभर सळी झाली होती. पाय फडक्याने बांधून मी दादाला घरी सोडायला गेलो, तेव्हा वहिनी अंगणात बोंबील उलथत होती. तिलाही मी सळीच सांगितली. ती हसली नाही.

"भावजी, ह्यांची चप्पल रस्त्यात मागं ऱ्हाते आनि हे तसंच पुडं चालत येतात. मी उचलून आनते. दोन पावसालं झालं."

"चपलाच ढिल्या हायत," दादा म्हणाला.

"चपला तीन बदलल्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही अलिबागला डॉक्टरीणबाईंकडे होतो. मिठाच्या घराण्यातल्या माणसाच्या रक्तात साखर निघाली, तीही पोत्याने. बाई म्हणाल्या, डोळे मिटा, मी पायाला दोरा टेकवते, कळलं की सांगा. दादाने डोळे घट्ट मिटले. बाईंनी तळव्याला दोरा लावला. दादा गप्प. पुन्हा लावला. खोलीतली शांतता त्याला टोचली असावी, कारण तो एकदम ओरडला, "लागला!"

तोवर बाईंनी दोरा बाजूला ठेवून हात मांडीवर घेतले होते.

"लागला! ह्यो बी लागला! ह्यो तं जोरात लागला!" कपाळावर घाम, डोळे मिटलेले, आणि दादा कुणी हात न लावलेल्या पायाची साक्ष देत होता. वहिनीने तोंड खिडकीकडे फिरवलं.

पाय बातमीच पोचवत नाही, बाईंनी समजावलं. जखम सडली तर घोट्यापासून काढावा लागेल. दुसऱ्यांचे बूट आजपासून बंद.

परतताना रिक्षा चौलला आल्यावर दादा म्हणाला, "माज्या बापाचा पाय खरा व्हता, का त्याला पन ह्योच आजार?"

"खराच होता, दादा."

"तुला काय म्हायत?"

"तुझ्याकडूनच ऐकलंय."

"मग झाला तं! मी कवा खरा बोललोय?" आणि तो असा हसत सुटला की रिक्षावाल्याने वळून पाहिलं. वहिनीने त्याचा हात धरून ठेवला होता.

करंगळी गेली, पाय वाचला. यार्डाने त्याला गेटवर बसवलं, पण बूट तिथेही सक्तीचे. म्हणून आम्ही पुन्हा हसमुखशेठकडे गेलो. शेठने न सांगता सगळे खोके काढले. दादा एकेक जोड घाली आणि म्हणे, "बरा हाय." सगळेच बरे होते. शेवटी वहिनीने बांगड्या मागे सारल्या, बुटात हात घातला आणि बोटांनी एकेक शिवण चाचपली. "हितं टोचतं," म्हणून एक बाजूला, "ही टाच कडक," म्हणून दुसरा. मग एका जोडावर म्हणाली, "ह्यो चालंल."

"शेट," दादा म्हणाला, "हिला बूट चावतात, लगनात कुनी सांगितला न्हाय मना!"

तेव्हापासून रोज सकाळी तो पायरीवर बसून राही. वहिनी तांदळातले खडे निवडावेत तशी दोन्ही बुटांत बोटं फिरवी आणि "घाला" म्हणे. मगच हा पठ्ठ्या पाय घाली.

गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर, आगोटीच्या सुमारास, दुपारी जेवून तो कलंडला, तो उठलाच नाही. हृदय थांबलं, म्हणाले. साखरेने मागितलेला पाय त्याने शेवटपर्यंत दिला नाही. करंगळी सोडली तर पुरा गेला.

बारावं झाल्यावर वहिनीने मला बोलावलं. बूट एरंडेल चोळून ठेवले होते. "इसाकभाईंना न्या. त्यांचा नंबर ह्योच." मी पिशवी उघडून धरली. ती पायरीवर बसली. आधी डाव्यात हात घातला, मग उजव्यात, पार पुढच्या वाटीपर्यंत, सावकाश. उजव्यात वाळू निघाली. ती तिने तळहातावर घेऊन अंगणात झटकली, पुन्हा एकदा आत चाचपलं, आणि मग बूट पिशवीत ठेवले.