सव्वा मूठ गहू

ओल्या देवदारांचा, भाजलेल्या कॉफीचा आणि कधीच धड न वाळलेल्या गाद्यांचा एक आळसावलेला गंध श्रावणातल्या धुक्याबरोबर त्या गल्लीत दाटून राहिला होता, आणि त्या गंधानेच माझं डोकं फिरलं. हिमालयाच्या कुशीतलं ते गाव. पाठीवर बिऱ्हाड घेऊन देशोदेशीची तरुण माणसं येतात आणि या चढाच्या गल्लीत महिनोन् महिने लोळत पडतात. भर दुपारी कुणी पाय पसरून गिटार छेडतोय, कुणी ढगांकडे टक लावून चहा निववतोय. आमच्या एरंडोलला याला ऐतखाऊपणा म्हणतात, इथे त्याला शांती म्हणतात. एवढी शांती ही माणसं कुणाच्या जिवावर भोगतात?

माझा धाकटा भाऊ भूषण याच गल्लीत कॅफे चालवतो. त्याला एरंडोलच्या घरी न्यायला मी सासरहून, धुळ्याहून आले होते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात, आणि तो रोट भाऊबंदांनीच खायचा, परक्याच्या पानात पडू द्यायचा नाही, ही रीत. गेली काही वर्षं भूषण आला नाही, तरी त्याची मूठ निघत होती. यंदा मात्र आबांनी, आमच्या वडिलांनी, निक्षून सांगितलं की पोरगा आला नाही तर त्याच्या नावाचे गहू काढायचे नाहीत. ज्याची मूठ नाही, तो घरचा नाही.

आणि हा पठ्ठ्या गादीवर मांडी ठोकून परातीत गहू निवडत बसला होता. म्हणाला, "बस ना अक्का, काय घाई शे?" यंदा म्हणे कानबाई इथेच बसवणार, गल्लीतले बठ्ठे, झाडून सगळे, जेवायला येणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कानबाई म्हणजे काय भंडारा आहे, की आला-गेला पंगतीला बसवावा? आईने जन्मभर सोवळ्याने सांभाळलेला कुळाचार याने गिटारवाल्यांच्या पानात वाढायचा? मी तोंडाला येईल ते बोलले. त्याने मान वर केली नाही. एकेक नाव घेत तो परातीत गहू सोडत राहिला: आबा, काका, भांडी घासणारी नेपाळी बाई, कुठल्या दूरदेशीची एक मुलगी. मग म्हणाला, "ही मूठ आईनी. आनि ही तुनी, अक्का."

माझा राग गेला नाही, रागाने फक्त आपलं तोंड दुसरीकडे फिरवलं. आई गेल्यापासून माहेरचे रोट मीच करते. त्याआधी आई करायची. दळण आमचं, चुलीची धग आमची, उपास आमचा, आणि गहू मात्र पुरुषांच्या नावाचे. त्या रविवारी आमच्या ओट्यावरही गाद्या पसरलेल्या असतात, काका-पुतणे सुपारी कातरत लोळत असतात, आणि त्या निवांतपणाला आम्ही कुळाचार म्हणतो. या गल्लीवर एवढी चिडले मी, त्या ओट्यावर कधी का नाही चिडले? आईच्या नावाचे गहू तिच्या हयातीत कुणी काढले नाहीत, आणि याचं मला आजवर काहीच वाटलं नव्हतं, याचीच आता भयंकर चीड आली.

संध्याकाळी मी आबांना फोन लावला. भूषण येत नाही, म्हणून सांगितलं. ते म्हणाले, मग त्याची मूठ गेली. मीही येत नाही, मी म्हटलं. का, कशासाठी, तब्येत बरी आहे ना, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही.

"मंग रोट कोन करी?" एवढंच ते म्हणाले.

ज्यांच्या मुठी निघतात ते करतील, असं सांगून मी फोन ठेवला.