आडनावासकट लायसन्स

"कपाटात शिर," साहेब म्हणाला.

मला वाटलं, आत काही राहिलंय. एखादा स्क्रू, बिजागरी. मी वाकून बघायला लागलो. त्यानं मागून पाठीला हात लावला आणि आत ढकललं. खालून वॉचमनचा फोन आला होता, पालिकेचा इन्स्पेक्टर वर येतोय म्हणून. दार बंद झालं.

ते कपाट मीच केलेलं. अबुधाबीत, अल रीम आयलंडवर, एका मराठी कुटुंबाच्या फ्लॅटमध्ये. चाळिशीला टेकलेला माणूस मी, दोन मुलींचा बाप, गुडघे छातीशी घेऊन त्यात बसलो. गोंदाचा वास नाकात. खोकला येईल म्हणून मी रुमाल तोंडात कोंबला. तो कोंब असं कुणी सांगितलं नव्हतं. मीच कोंबला. त्याची चीड अजून जात नाही.

लपायचं कारण सरळ होतं. साहेबाच्या कंपनीचं सुतारकामाचं लायसन्स दुबईचं. इथे प्रत्येक अमिरातीचे नियम वेगळे. दुबईचा कागद दुबईत चालतो. अबुधाबीत भिंतीला ड्रिल लावायचं तर अबुधाबीचं लायसन्स पाहिजे, तिथली परवानगी पाहिजे. साहेबानं ते काढलं नव्हतं. काम मात्र घेतलं होतं. बिल्डिंगवाल्यांना सांगितलं, फक्त फर्निचरची डिलिव्हरी आहे. मग डिलिव्हरीच्या घरात करवत आणि सुतार कसा दिसणार? करवत बाथटबमध्ये टाकली. सुतार कपाटात.

बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. इन्स्पेक्टर नीट बोलत होता. साहेब हबीबी हबीबी करत होता, सगळं तयार आलंय, आज नुसतं पुसपास चाललंय. आमचा पॉलिशवाला रशीदभाई, आझमगढचा, फडकं घेऊन उभा होता. तो पुसपास करणारा ठरला. इन्स्पेक्टर गेला.

मला वाटलं आता दार उघडेल. नाही उघडलं. घरच्या बाईंनी चहा टाकला. साहेब सोफ्यावर बसला. मी आत आहे हे दोघांना माहीत होतं. कपांचा आवाज आला, बिस्किटाचा पुडा फोडल्याचा आवाज आला. बाईंनी विचारलं, आमचा देव्हारा करणारा सुतार कुठला? साहेब म्हणाला, "कोकणातला. पिढीजात सुतार. याचे आजे-पणजे देवळांची कामं करायचे."

माझा आजा देवळाच्या पायरीलासुद्धा शिवू शकत नव्हता.

पिढीजात काय आमचं, ते सांगतो. खेडच्या बाजूला आमचं गाव, वाडी गावाबाहेर. सुताराच्या पडवीत मी लहानपणी एकदा रंधा उचलून बघितला. त्या पोलादाला हात लावावासा वाटला, एवढंच. सुतारानं मला मारलं नाही. तो रंधा त्यानं माझ्यादेखत राखेनं घासला, वर पाणी ओतलं, उन्हात ठेवला. बाप तिथेच होता, नांगर दुरुस्त करून घ्यायला आलेला. बापानं नांगर उचलला आणि मला घेऊन निघाला. पुढे मी आयटीआयला सुतारकामाचा ट्रेड घेतला, तो त्या रंध्यासाठी. आवड होती हे खरं. राग होता हे त्याहून खरं.

आणि आता इथे, समुद्र ओलांडून, माझ्याच हाताच्या कामाला भाव यावा म्हणून साहेब मला दुसऱ्याची जात चिकटवत होता. मी कपाटात बसून ऐकत होतो. शेवटी रशीदभाईनं दार उघडलं. कुणाला न विचारता. मी बाहेर आलो तर बाई हसून म्हणाल्या, "सुतारकाका, चहा गार झाला बघा तुमचा." मी तो चहा प्यायलो. सुतारकाका म्हणून प्यायलो. नोकरी, व्हिसा, राहायची खाट, सगळं साहेबाच्या हातात. गप्प राहायला माणसाला फार कारणं लागत नाहीत.

परतताना गाडीत साहेब खुशीत होता. दुबईत अल क्वोजला आमच्या लेबर कॅम्पच्या दाराशी उतरवताना म्हणाला, तुझं आडनाव तिथे कुठे बोलू नको, उगाच लोकांना त्रास. लोकांना.

देव्हारा लावायला आम्ही पुन्हा गेलो तेव्हा बाईंनीच ते वाचलं. खाली गेटवर आयडी ठेवून पास घेतात, पासवर पूर्ण नाव छापतात. एरवी तो खिशात असायचा, त्या दिवशी वॉचमननं शर्टाला लावायला लावला होता. मी देव्हाऱ्याचा कळस बसवत होतो, बाई जवळून गेल्या, थांबल्या. परत वाचलं. आमचं आडनाव असं आहे की ज्याला कळायचं त्याला लगेच कळतं. मी ते इथे लिहीत नाही, लपवायचं म्हणून नाही. तुम्ही वाचून कपाळाला आठी घालाल की हळहळाल, मला दोन्ही नकोय.

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या साहेबाला बाल्कनीत घेऊन गेल्या. सरकतं दार अर्धं उघडं. त्या म्हणाल्या, "मला काही प्रॉब्लेम नाही हो, वी आर नॉट लाइक दॅट. पण सासूबाई येतायत पूजेला. त्यांना काय सांगू?"

साहेब आत आला. मला स्वयंपाकघरात नेलं. आवाज एकदम मऊ. त्या आवाजाचीच मला आता शिसारी येते. म्हणाला, काम पूर्ण कर, मी त्यांना समजावलंय. तू गेल्यावर गोमूत्र शिंपडून घेतील, मग देव ठेवतील. तू मनावर घेऊ नको. यापुढे मात्र देव्हाऱ्याची कामं तू वर्कशॉपमध्येच कर, साइटवर दुसऱ्याला पाठवू.

आणि वर म्हणाला, "हात तुझे चांगले आहेत रे. नावाचं मी बघतो."

तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरून ड्रिलच्या आवाजाची तक्रार गेली होती. इन्स्पेक्टर दारात, तोच. बाई गडबडल्या. साहेबानं माझा दंड धरला आणि कपाटाकडे बोट केलं. कुत्र्याला बोट दाखवतात तसं.

मी हललो नाही.

त्यानं ओढलं. मी दंड सोडवून घेतला. ड्रिल हातात होतं, ते खाली ठेवलं नाही. दाराकडे गेलो आणि मीच दार उघडलं.

इन्स्पेक्टरनं माझ्याकडे बघितलं, ड्रिलकडे बघितलं. हिंदीत विचारलं, तू कोण?

"कारपेंटर," मी म्हणालो. "इस घर का सारा लकड़ी का काम मैंने किया है. कंपनी दुबई की है. इधर का लायसन्स नहीं है."

शौर्य वगैरे काही नव्हतं. घशात फक्त तो रुमाल परत नको होता.

साहेब मध्ये बोलायला लागला. इन्स्पेक्टरनं त्याला हातानं थांबवलं. माझा आयडी बघितला, माझ्याकडून नाव वाचून घेतलं, स्वतः म्हणून बघितलं, बरोबर उच्चारलं का ते विचारलं. कागद केले, साहेबाची सही घेतली. काम बंद. मला म्हणाला, तूही चुकलास, परवानगीशिवाय हातात हत्यार घ्यायचं नाही. त्याचं बरोबर होतं. ती चूक तरी माझ्या नावावर लागली.

सामान उचलताना बाई दाराशी उभ्या होत्या. रडवेल्या. म्हणाल्या, "एवढं काय मनाला लावून घ्यायचं? आमचा देव्हारा अर्धा राहिला."

मी म्हणालो, "बाई, गोमूत्र शिंपडाल तेव्हा त्या कपाटातही शिंपडा. मी त्यात बसलो होतो."

साहेबानं गाडीत घेतलं नाही. रशीदभाई माझ्याबरोबर उतरला, म्हणाला, चल, बसनं जाऊ. बसमधून उतरताना त्यानं विचारलं, "कुठे काम बघणार?" व्हिसा कॅन्सल होणार हे दोघांनाही कळलं होतं. झालाच. बर दुबई भागातल्या कंपनीच्या ऑफिसात सह्या घेताना साहेब म्हणाला, तुमच्यासारख्यांना वर आणलं ही माझी चूक. मी सही केली. पूर्ण नावानं.

पुढची काही वर्षं शारजात एका पठाणाच्या वर्कशॉपमध्ये काढली. तोही कडक होता, शिव्या द्यायचा, पण सगळ्यांना सारख्या. मग मी आणि रशीदभाईनं मिळून स्वतःचं लायसन्स काढायचं ठरवलं. दुबईचं, सुतारकाम आणि लाकडी फ्लोअरिंग. त्यासाठी काय काय करावं लागतं ते केलं. अल क्वोजमध्ये छोटा गाळा, आगीपासून बचावाची सोय, पालिकेचा होकार. दोनदा फाइल परत आली. एकदा धूळ ओढणाऱ्या पंख्यावरून. पंखा बदलला, परत गेलो. मला त्या चकरांचा राग आला नाही. इथे धूळ किती उडते ते विचारत होते. मी कुणाच्या पोटी जन्मलो ते कुणी विचारलं नाही.

म्हणून हा देश फार न्यायाचा आहे असं मी म्हणणार नाही. इथेही पासपोर्टचा रंग बघून माणसाची किंमत ठरते, पाठीवर ओझं कुणाच्या आणि खुर्चीत कोण हे बघितलं की कळतं. पण आपल्याकडची ती घाण इथे विमानानं आपल्याच लोकांनी आणली. बॅगेत घालून आणली. लोणच्याबरोबर.

नावाचा प्रश्न आला तेव्हा इथल्या मराठी मंडळातले एक काका भेटले. मनानं चांगले. म्हणाले, कोकण वुड वर्क्स ठेव, सह्याद्री ठेव. आडनाव कशाला? आपली मराठी गिऱ्हाइकं देव्हाऱ्यासाठी येतात, धंदा बसेल. रशीदभाईला मी हे हिंदीत सांगितलं. तो म्हणाला, माझं नाव बघूनही काही जण येणार नाहीत, मग दोघांचीही ठेवू. आम्ही दोघांचीही ठेवली. माझं आडनाव, त्याचं नाव. पाटीवर, गाडीवर, बिलावर.

काही गिऱ्हाइकं फोन करतात, नाव ऐकतात, नंतर सांगतो म्हणतात. नंतर सांगत नाहीत. रशीदभाई म्हणतो खलास, पुढचं बघ. मी पुढचं बघतो. पण मी त्यांना विसरत नाही.

परवा अबुधाबीहून एक मराठी डॉक्टर आले. चार खोल्यांचं काम. आमच्याकडे अजून अबुधाबीचं लायसन्स नाही म्हटल्यावर ते हसले, "अहो, सगळेच करतात. कुणी आलं तर माणसं जरा आतल्या खोलीत बसवायची."

मी त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला. काम गेलं. दुसऱ्याच दिवशी मी अबुधाबीच्या लायसन्सची चौकशी करायला गेलो. तिथले नियम वेगळे, कागद वेगळे, वेळ लागेल. लागू दे. मग शारजाचं काढीन, अजमानचं काढीन. जिथे जाईन तिथला कागद तिथे काढीन आणि त्याच्यावर हेच आडनाव घालीन. ज्याच्या देवाला ते चालत नाही त्यानं आपला देव घेऊन दुसऱ्या दुकानात जावं. माझा माणूस कुणाच्याही घरात, कुणासाठीही, आतल्या खोलीत बसणार नाही.