माझ्या पत्नीने ती कादंबरी वाचली होती

‘त्या चर्चेतला एक गमतीचा प्रसंग आजही आठवतो. एका ज्येष्ठ सभासदांच्या पत्नी (त्या आता हयात नाहीत) पुस्तक न वाचताच आल्या होत्या. बोलण्याची पाळी आली तेव्हा त्यांनी कादंबरीत मुळात नसलेल्या एका मृत्यूबद्दल हळहळ व्यक्त केली आणि सभागृहात हशा पिकला. पतिराजांना मात्र तो सहन झाला नाही. त्यांनी बराच गोंधळ घातला.’

हा मजकूर आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत एका मिठाईच्या दुकानाच्या जाहिरातीशेजारी छापून आला आहे. तो लिहिणाऱ्या बाई मंडळाच्या कार्यवाह आहेत आणि वेस्ट मांबलममधल्या आमच्याच इमारतीत, आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहतात. ‘त्या आता हयात नाहीत’ हे चार शब्द वगळले, तर त्यांच्या या परिच्छेदातले काहीही जसे घडले तसे लिहिलेले नाही.

वादाची हौस मला जन्मभर होती. आता ती उरलेली नाही. पूर्वी वर्तमानपत्रातली चूक दिसली की मी सकाळीच पत्र लिहायला बसत असे. हल्ली चूक दिसते आणि मी पान उलटतो. पण जिच्याविषयी लिहिले आहे ती उत्तर द्यायला नाही, आणि जिच्या वतीने मी तिच्या हयातीत नको तितके बोललो असे लोक म्हणतात, तिच्या वतीने आता आणखी एकदा बोलणे मला चुकवता येत नाही.

संरक्षण खात्याच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून मी तरुणपणी महाराष्ट्रातून या तमिळ शहरात आलो. पत्नी तंजावरकडच्या मराठी घराण्यातली. तिचे पूर्वज तिकडे केव्हा गेले हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. त्यांच्या घरातली मराठी जुन्या वळणाची, मधूनच तमिळमध्ये शिरणारी आणि वाक्याच्या शेवटी हेल काढणारी होती. मंडळातल्या बायकांना ती ऐकून गंमत वाटे. ‘वहिनी, काहीतरी बोला ना,’ असे त्या म्हणत आणि ती बोलली की एकमेकींकडे पाहत. पत्नीला ते कळत असे. त्यामुळे ती मंडळात फारशी बोलत नसे. गप्प बसणाऱ्या माणसाला काही येत नाही, अशी समजूत आपल्या लोकांत फार पक्की आहे.

कादंबरी तमिळमधली होती. तिचा मराठी अनुवाद मंडळाच्या वाचनालयात आला होता. कावेरीकाठच्या गावातले एक घर, त्यातल्या तीन जावा आणि त्यांची सासू. थोरल्या जावेचा नवरा घर सोडून परगावी दुसऱ्या बाईबरोबर राहायला गेलेला. थोरली रोज पहाटे दार झाडते, सडा घालते आणि तांदळाच्या पिठाने कोलम काढते. जवळजवळ प्रत्येक प्रकरण त्या कोलमने उघडते. शेवटच्या प्रकरणात धाकटा दीर त्याच परगावाहून परत येतो. काय झाले ते लेखिका सांगत नाही. दुसऱ्या दिवशी थोरली नेहमीसारखी उठते, दाराशी येते, उंबऱ्यापाशी क्षणभर उभी राहते, पिठाचा डबा कोनाड्यात परत ठेवते आणि आत जाते. कादंबरी तिथे संपते.

चर्चा एका रविवारी दुपारी जवळच्या शाळेच्या वर्गात झाली. आम्ही सगळे लहान मुलांच्या बाकांवर गुडघे आखडून बसलो होतो; स्मरणिकेतले ‘सभागृह’ ते हेच.

मते निरनिराळी पडली, हे खरे. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, “साडेतीनशे पानं नुसतं स्वयंपाकघर! मी तर सांबाराच्या वासाने हैराण झालो. एक पुरुष धड नाही पुस्तकात.”

“धड पुरुष आणायचा कुठून?” मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले. “लेखिकेने आजूबाजूला बघूनच लिहिलंय.”

शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअर कंपनीत असलेल्या एका मुलीला मात्र शेवट फार आवडला होता. ती अर्धे इंग्रजीत बोलत होती. “म्हणजे, कसलं बोल्ड आहे! शी जस्ट स्टॉप्स. इतकी वर्षं रोज काढलं, आता नाही काढणार म्हणजे नाही. तो संपच आहे एक प्रकारचा.”

कार्यवाह बाई हसून म्हणाल्या, “अगं, संप कसला! बाईमाणसाला एक दिवस सुट्टी नको? थोरलीला कंटाळा आला, तिने सुट्टी घेतली. आणि खरं सांगू का, लेखिकेलाही कंटाळा आला असावा. शेवट असा मध्येच सोडलाय.” त्यावर टाळ्या पडल्या. मी माझे मत सांगितले. मधली शंभर पाने कमी केली असती तर पुस्तकाचे काही बिघडले नसते, असे मी तेव्हा म्हणालो आणि आजही म्हणतो. पत्नीला माझे हे मत मान्य नव्हते. तिला नेमकी तीच पाने आवडली होती. यावरून आमचा घरी दोन दिवस अबोला झाला होता. न वाचलेल्या पुस्तकावरून कोणी अबोला धरत नाही, पण हा पुरावा घरातला आहे, तो बाजूला ठेवतो.

मग बाईंनी पत्नीकडे वळून विचारले, “वहिनी, तुम्ही तर तिकडच्याच! तुम्हाला काय वाटलं?”

पत्नी उठून उभी राहिली. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, “अय्यो, तो गेला ना शेवटी. पापम, इतकी वाट पाहिली तिने.”

‘पापम’ म्हणजे बिचारी. ती थोरलीविषयी बोलत होती. मग बँकवाले गृहस्थ म्हणाले, “वहिनी, कोण गेलं? आमच्या पुस्तकात तर सगळे ठणठणीत आहेत!” आणि सगळे हसले. बाई सर्वांत जास्त हसल्या, डोळे पुसत म्हणाल्या, “वहिनींनी बहुतेक दुसरीच कादंबरी वाचली!”

मी उभा राहिलो. “तुम्हाला शेवटचं पान वाचता आलेलं नाही,” एवढेच मी म्हणालो. हाच तो गोंधळ. त्यापुढे मी बोलणारच होतो, परंतु बाई म्हणाल्या, “चहा आलाय, गार होईल,” आणि पत्नीने माझ्या सदऱ्याचे टोक ओढले. “पोदुम. बसा,” ती म्हणाली. पुरे, असा त्याचा अर्थ. मी बसलो. तिने सांगितले तेव्हा बसायचे, हा नियम मी जन्मभर पाळला. लोकांना मात्र मी उभा राहिलेलाच दिसला.

घरी येताना रंगनाथन स्ट्रीटच्या गर्दीकडे न जाता आम्ही मागच्या गल्लीतून चाललो. “तू त्यांना समजावून का नाही सांगितलंस?” मी विचारले.

तिला माझा प्रश्नच कळला नाही. “काय समजावायचं? दारात कोलम नाही. आणखी काय लिहायला हवं होतं तिने?”

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी मी समजावतो. महाराष्ट्रात आपल्या शहरी घरांतून रांगोळी म्हणजे सण. ती दिसली तर काहीतरी विशेष आहे असे समजायचे. दिसली नाही तर काहीच समजायचे नाही. इथे नेमके उलटे आहे. कोलम म्हणजे रोजचा दिवस: सूर्य उगवला, दूध आले, घर नीट चालले आहे. तो नसेल तर ती बातमी असते. घरात श्राद्ध असेल तर त्या सकाळी दारात कोलम पडत नाही आणि घरात कोणी गेले असेल तर सुतक फिटेपर्यंत पडत नाही. इथे वाढलेली बाई मोकळा उंबरा पाहते तेव्हा आवाज आपोआप खाली आणते. थोरलीचा नवरा गेल्याची बातमी दिराने आणली होती. तो खरोखर गेला, की तिने त्या दिवसापासून त्याला आपल्यापुरता गेलेला मानला, यावर त्या दुपारी बोलता आले असते आणि ती चर्चा फार चांगली झाली असती. पण ‘कोण गेलं?’ इथेच आमचे सभासद अडकले.

आणि तिने ती कादंबरी एकदाच नाही, दोनदा वाचली होती. लग्नानंतर काही वर्षांनी तीच कादंबरी एका तमिळ साप्ताहिकातून क्रमशः येत होती. इथल्या पुष्कळ बायका अशा कादंबरीची पाने दर आठवड्याला कापून ठेवत आणि कथा संपली की दोऱ्याने शिवून त्याचे पुस्तक करत. पत्नीनेही केले होते. ते पुस्तक वाचायला म्हणून कोणा मैत्रिणीकडे गेले, तिच्याकडून आणखी कोणाकडे, आणि कधी परत आले नाही. मराठी अनुवाद हाती आला तेव्हा तिने तो पहिल्या पानापासून नव्याने वाचला. मध्येच मान हलवून म्हणायची, “तमिळमध्ये ही सासू इतकी चांगली नव्हती.”

स्मरणिका घरी आली त्या दिवशी मी ती घेऊन खाली गेलो. बाईंनी दार उघडले, प्रेमाने आत घेतले, पंखा लावला.

“हे काय लिहिलंत?” मी म्हणालो.

“अहो, गंमत म्हणून लिहिलंय! नाव तरी कुठे घातलंय? वहिनी किती गोड होत्या.”

“गोड होत्या आणि न वाचता बोलत होत्या, असं लिहिलंत तुम्ही.”

“भाऊसाहेब, तुम्ही प्रत्येक गोष्ट अंगाला लावून घेता. पन्नास जण होते तिथे, सगळ्यांना आठवतंय.”

“पन्नास नव्हते. बाक मोजकेच होते. आणि तिने पुस्तक वाचलं होतं. पुढच्या अंकात दुरुस्ती छापा.”

बाई जरा गंभीर झाल्या. “छापू की. पण समिती विचारेल, काही पुरावा आहे का? तुम्ही पती आहात, तुम्ही म्हणणारच.” मग आवाज मऊ करून म्हणाल्या, “वरती एकटे असता, मनाला लावून नका घेऊ. कॉफी घ्या.”

मी कॉफी घेतली. फिल्टरची होती, चांगली होती. मग जिना चढून वर आलो. मध्ये दोनदा कठड्याला टेकून उभे राहावे लागले. शिवलेले पुस्तक हरवलेले. अनुवादाची प्रत वाचनालयात परत गेली, पुढे वाळवी लागून तीही गेली. मुलगा सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत कामाला, सून त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या कंपनीत; दोघांना मराठी कादंबरीपेक्षा रस्त्यावरच्या गर्दीचीच काळजी अधिक, आणि मी त्यांना दोष देत नाही. साक्षीला कोणी नाही. पुरावा मात्र आहे. तो मी त्या दिवशी बाईंच्या घरात बसून, त्यांची कॉफी पिऊन, त्यांना सांगू शकलो नाही. इथे लिहितो.

बाईंविषयी मला व्यक्तिगत आकस नाही, हे आधी नोंदवतो. पत्नी गेल्यावर सुतकाचे सगळे दिवस त्यांनीच आम्हाला जेवण पाठवले आणि तेही आठवणीने अळणी, कारण माझा रक्तदाब त्यांना ठाऊक होता. त्या वाईट बाई नाहीत. त्या या शहरात तीस वर्षे राहिल्या आहेत, रोज आमच्या दारावरून गच्चीत कपडे वाळत घालायला गेल्या आहेत, आणि माझी पत्नी त्या दारात रोज कोलम काढत असे. फ्लॅटचा अरुंद बोळ होता, म्हणून लहानसाच काढी. पण तापातसुद्धा तिने तो चुकवला नाही. माझ्या वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी तेवढा उंबरा मोकळा असे.

ती एका शनिवारी उजाडता उजाडता गेली. आजार थोड्या दिवसांचा होता, आदल्या सकाळीही तिने कोलम काढला होता, आणि इतके लवकर होईल असे डॉक्टरांनाही वाटले नव्हते. डॉक्टर येऊन गेले. मुलाला फोन झाला होता, तो निघाला होता. घरात मी आणि ती, एवढेच होतो. समोरच्या तमिळ बाईंनी, त्या निवृत्त शिक्षिका, आपले दार उघडले, आमच्या उंबऱ्याकडे पाहिले, आणि मी काही सांगण्याआधीच पायातले काढून आत येऊन तिच्या उशाशी बसल्या. दर शनिवारी पत्नी इडलीचे पीठ वाटत असे आणि त्यातले थोडे कार्यवाह बाई घेऊन जात. त्या नेहमीच्या वेळी स्टीलचा डबा घेऊन वर आल्या, आमच्या मोकळ्या, कोरड्या उंबऱ्यासमोर उभ्या राहिल्या, त्याच्याकडे नीट पाहिले, घंटा वाजवली, आणि मी दार उघडताच हसून म्हणाल्या,

“काय भाऊसाहेब, आज वहिनींनी सुट्टी घेतली वाटतं?”