सांगून कापलेलं गवत

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात इंग्रजांना घालवणारा तो जुना पक्ष फुटला, आणि आमच्या गावात सगळ्यात आधी भांडण लागलं ते एका कौलारू खोलीवरून. नवेगाव बांधहून अर्जुनीकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. खोली पक्षाची, तिच्यापुढचा झेंड्याचा खांब पक्षाचा आणि किल्ली बाबूजींच्या कमरेला. बाबूजी म्हणजे माझे वडील, गावातल्या शाखेचे कित्येक वर्षांचे अध्यक्ष. जुन्या गटाचे म्हणाले किल्ली आम्हाला द्या, नव्या गटाचे म्हणाले आम्हाला द्या. बाबूजींनी कुणालाच दिली नाही. "पक्ष फुटला असंल, खोली नाई फुटली," असं म्हणून ते दारातच खुर्ची टाकून बसले.

मी तेव्हा गोंदियाला ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवत होते. दोन्ही गटांना आपापली स्मरणिका काढायची होती आणि दोन्हीकडून निरोप मलाच आला. तालुक्यातल्या पक्षाचा इतिहास लिहून द्या, मॅडम. इतिहास एकच, मागणारे दोन. आधी मला हसू आलं, मग चीड आली, मग झोप उडाली. मला तसंही एका जागी बसवत नाही. मी शनिवारची एसटी पकडून गावी यायची, बाबूजींशी वाद घालायची आणि काही न ठरवता सोमवारी परत जायची.

खरं भांडण आजोबांवरून होतं. गोऱ्या सरकारनं जंगल बंद केलं होतं तेव्हा पक्षाचा हुकूम आला की कायदा मोडा, राखीव जंगलात शिरून गवत कापा. आमचे आजोबा गावचे मोठे शेतकरी. त्यांच्यामागं सगळं गाव विळे घेऊन निघालं आणि आजोबा तुरुंगात गेले. माफी मागा, सोडतो, असं साहेब म्हणाला, पण आजोबांनी मागितली नाही. आमच्या घराण्याची सगळी पत या एका गोष्टीवर उभी होती. माझं लग्न ठरलं तेव्हासुद्धा पाहुण्यांना चहाच्या आधी हीच गोष्ट वाढली होती. आता जुन्यांनाही आजोबा हवे होते आणि नव्यांनाही.

त्या आठवणीसाठी गावात एक रीत होती. पंधरा ऑगस्टला झेंडा चढवायच्या आधी खांबाच्या बुडाशी जंगलातलं गवत बांधायचं. गवत कापायचं गोंडांच्या एका घरानं आणि बांधायचं आमच्या घरानं. मला कळायला लागल्यापासून कापणारी मोठमाय होती. ती नात्यातली नव्हे, पण माझ्या आईहून मोठी, म्हणून मोठमाय. त्या दिवशी पहिला जो कोणी कुंपणापलीकडं गेला होता, तो म्हणे तिचा सासरा. आमच्या घरच्या गोष्टीत त्याचा उल्लेख तेवढ्यापुरताच होता.

गवत बांधावरचं चालत नसे. राखीव जंगलाची हद्द दाखवणारा दगडी मुनारा ओलांडायचा आणि पलीकडचं कापायचं. मी लहानपणी विचारलं होतं, घरामागं एवढं गवत असताना तिकडं कशाला? बाबूजी म्हणाले होते, "बांधावरचं कापाले कोनाची मनाई हाय? मग त्याले का अर्थ?" दुसरा नियम त्याहून कडक होता. आदल्या दिवशी नाकेदाराला सांगून ठेवायचं, की उद्या सकाळी आम्ही गवत कापणार आहोत. न सांगता कापलं ती चोरी, सांगून कापलं तो सत्याग्रह. नाकेदार म्हणजे जंगलाचा राखणदार. तो हसायचा आणि दुसऱ्या दिवशी झेंड्याला येऊन बुंदी खाऊन जायचा. कुठल्या गावात कायदा मोडायच्या आधी कायद्याच्या माणसाला आमंत्रण देतात, मला माहीत नाही. आमच्यात द्यायचे.

भांडून वेगळे झालेले दोन्ही गट निवडणुकीनंतर मुंबईत एकाच सरकारात जाऊन बसले. गावात मात्र त्यांचं जमेना. खोलीपुढं दुसरा खांब आला. पुढच्या पावसाळ्यात दोन्हीकडून मागणी झाली, यंदा गवताच्या दोन पेंढ्या पाहिजेत. बाबूजी भडकले, पण मोठमाय म्हणाली, "आनतो दोन. जंगलात गवताले का तोटा हाय?"

रेंजर, म्हणजे नाकेदाराचा वरचा साहेब, त्या वर्षी नवा होता. बाबूजींनी रिवाजाप्रमाणं निरोप पाठवला. तो रेंजरपर्यंत गेला; वाचून रेंजर हसला नाही. पंधरा ऑगस्टच्या सकाळी त्यानं दोन माणसं मुनाऱ्याजवळ बसवून ठेवली आणि मोठमायला विळ्यासकट धरून जंगलखात्याच्या नाक्यावर नेलं.

मी सुट्टीसाठी गावातच होते. बातमी आली तेव्हा खोलीपुढं पोरं प्रभातफेरीची रांग लावत होती. बाबूजी उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. मी घरची स्कूटी काढली आणि तालुक्याला गेले. दोन्ही गटांचे तालुकाध्यक्ष सरकारी झेंडावंदनाला शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसले होते आणि एकाच ताटलीतले पोहे खात होते. मी सगळं सांगितलं, म्हटलं, एक फोन करा. जुना म्हणाला, "मॅडम, वो तो इनके लोगों का मामला है." नवा म्हणाला, "आज छुट्टी का दिन है. कल देखते हैं." मग दोघांनी मला एकाच वेळी विचारलं, स्मरणिकेचा मजकूर कुठवर आला? ताटली उलटवली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

मी नाक्यावर पोहोचले तेव्हा बाबूजी आधीच चालत आले होते. मोठमाय पडवीत भिंतीला टेकून बसली होती, पेंढ्या समोर होत्या. रेंजर माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "आजी, चूक झाली असं लिहितो, अंगठा लावा, घरी जा. नाहीतर मला केस करावी लागेल." मी म्हटलं, मोठमाय, लाव अंगठा, सोडून दे.

"काऊन लावू?" ती म्हणाली. "मी चोरी केलो का? सांगून कापलो."

"अगं पण कोर्टात जावं लागंल."

"जाईन. माहा सासरा गेल्ता." मग ती माझ्याकडं वळली. रागानं नव्हे, समजावून सांगावं तसं बोलली, "तुह्या आज्यानं त्या येळी माफी लिहून देल्ली, बाई. थो लवकर घरी आला. माह्या सासऱ्यानं नाई देल्ली. थो जेलातच खंगला. आमच्या घरचं कोनी तसल्या कागदावर अंगठा नाई लावत."

मी बाबूजींकडं पाहिलं. आता हे ओरडतील, तिला खोटं पाडतील, याची मी वाट पाहत होते. ते पेंढ्यांकडं बघत होते. "मले मालूम होतं," एवढंच ते म्हणाले.

मला इतका राग आला की पडवीतून खाली उतरून मी उगाच नाक्याला फेरी मारली. परत येऊन म्हटलं, "मालूम होतं आणि तुम्ही मला लिहू देत होता? माझ्या लग्नात सांगत होता?"

"माह्या बापाबद्दल कसं सांगू?" ते म्हणाले. "म्हनून तं पयलं गवत तिच्या घरच्या हातचं ठेवलं. तेवढंच जमलं मले."

मग ते उठले. मोठमायच्या मांडीजवळचा विळा त्यांनी उचलला आणि नाक्यामागच्या जंगलाकडं निघाले. आमच्या घरात पुरुषानं गवत कापलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यासाठी गडी असायचे. रेंजर मागून धावला, "बाबूजी, असं करू नका, आज पंधरा ऑगस्ट आहे." बाबूजी म्हणाले, "सांगून कापून राहिलो, साहेब. लिहून घ्या." पहिल्याच मुठीला त्यांनी बोट कापून घेतलं. पडवीतून मोठमाय ओरडली, "मूठ खाली धरा ना, पाटील!" ते खाली वाकले आणि रक्ताच्या हातानं कापत राहिले.

रेंजरनं दोघांवर केस लिहिली. दुसरं करणार तरी काय होता? संध्याकाळी दोघांना सोडलं. दोन्ही खांबांवर झेंडे वेळेवर चढले होते, गवतावाचून. त्याची आठवण कुणाला झाली नाही.

स्मरणिकांसाठी मी खरं होतं ते लिहिलं आणि तोच मजकूर दोन्ही गटांना दिला. दोघांनीही तो छापला नाही. दोन्ही स्मरणिकांत आजोबांचा फोटो आला, खाली 'माफी नाकारणारे' असं लिहून. या एका बाबतीत दोन्ही गटांचं एकमत झालं.

केस रखडली. तारखेला दोघं सोबत एसटीनं अर्जुनीला जायचे. बाबूजी डब्यात चटणीभात न्यायचे, दोघं कोर्टाच्या आवारात झाडाखाली खायचे. आमच्या घरच्यांना ते आवडायचं नाही. मध्यंतरी जंगलाच्या हक्काचा नवा कायदा आला. मला वाटलं, संपलं. तरी तारखा पडतच राहिल्या. एका उन्हाळ्यात मोठमाय गेली. त्यानंतर बाबूजी एकटेच जायला लागले.

शेवटच्या तारखेला मी त्यांच्यासोबत होते. त्यांना धड उभं राहवत नव्हतं. सकाळीच दोन्ही तालुकाध्यक्षांचे फोन येऊन गेले होते. जंगलखात्याच्या साहेबांशी बोलणं झालंय, बाबूजींनी चूक झाली असं लिहून द्यावं, मिटून जाईल. वकिलानंही कागद तयार ठेवला होता. मला त्यांना घरी न्यायचं होतं. खरं सांगते, त्यांनी सही करावी असंच मला वाटत होतं. मी पेन उघडून त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी कागद वाचला, अगदी सावकाश. पेनाला टोपण लावून ते मला परत दिलं. तेवढ्यात पुकारा झाला. आधी मोठमायचं नाव आलं, ती मयत असल्याचं वकिलानं सांगितलं. मग बाबूजींचं नाव आलं. ते कठड्याला धरून उभे राहिले. जजसाहेबांनी विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का?

"माह्या बापानं माफी मांगली होती, साहेब," बाबूजी म्हणाले. "मी नाई मांगत. आमी दोघायनं सांगून कापलं."