एकदाच ऐकायचं

बालगृहात पहिल्यांदा गेलो तेव्हा मी बारा शनिवार येईन असं सांगितलं होतं. सांगणं भागच पडलं, कारण दारातच एका पंधरा वर्षांच्या मुलीनं विचारलं, "काका, तुम्ही किती शनिवार येणार?" त्यात लाडीगोडी नव्हती. वाढदिवसाचा केक आणणारे, मुलांबरोबर फोटो काढून घेणारे आणि पुन्हा न फिरकणारे तिनं बरेच पाहिले होते. मी बारा म्हणालो. तिनं मान हलवली आणि चपला कुठे काढायच्या ते दाखवलं.

या गोष्टीला अडीच वर्षं झाली. गणपती, दिवाळी आणि माझी आजारपणं वजा जाता गेल्या फेब्रुवारीत एकशे एकविसावा शनिवार झाला.

मी पाटबंधारे खात्यात पावसाच्या नोंदी ठेवतो. इंग्रजी माझा विषय नव्हे. माझ्या मुलीनं कुठल्याशा परीक्षेसाठी घेतलेल्या, इंग्रजी ऐकण्याच्या सरावाच्या फायली माझ्या मोबाइलमध्ये पडून होत्या. इथल्या मुली इंग्रजी वाचतात बऱ्यापैकी, पण समोर कुणी बोललं की भिंतीकडे बघतात, असं अधीक्षकबाई एकदा म्हणाल्या. तेवढ्यावरून मी हे अंगावर घेतलं.

वर्ग गाद्या ठेवायच्या खोलीत भरायचा. पंखा खडखडतो म्हणून तो बंद. खिडकीखाली रिक्षा स्टँड, म्हणून खिडक्या बंद. लहान मुलं दार वाजवतात, म्हणून आतून कडी. चौदा मुली, मी आणि मुठीएवढा स्पीकर, असे दीड तास. ऑक्टोबरात तिथे बसलं की सदरा पाठीला चिकटायचा आणि गाद्यांच्या कापसाचा वास घशाशी यायचा. घड्याळाकडे मीच जास्त बघायचो.

नियम एकच होता. फाईल एकदाच लागणार, मग दहा प्रश्न. "परत लावा" म्हटलं की अर्धा गुण वजा. आमच्याकडे सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजतात आणि ओतून देतात. वाचताना चुकलं तर चुकलं, ओतलेलं पाणी परत मोजता येत नाही. ती शिस्त मी जशीच्या तशी त्या खोलीत नेली. पहिल्या महिन्यात मुली कुरकुरल्या, मग गप्प झाल्या. वहीत गुण चढत गेले. चपलांची जागा दाखवणाऱ्या त्या मुलीचे तीनवरून साडेआठ झाले.

खरं सांगायचं तर मला सुटायचं होतं. आई सावर्ड्याला भावाकडे असते. शनिवारी सकाळी निघून तिथे राहावं, तर दुपारी चारला वर्ग. बायको म्हणायची, "अहो, पावसाचे मिलिमीटर बरोबर मोजता, बारा शनिवार तेवढे मोजता येत नाहीत?" दोनदा मी अधीक्षकबाईंकडे विषय काढला. त्या म्हणाल्या, "जा की. अडवलंय कुणी? फक्त मुलींना तुम्हीच सांगा, मी सांगणार नाही." दोन्ही वेळा मी पायऱ्या चढून वर गेलो आणि फाईल लावून बसलो.

ती मुलगी एप्रिलमध्ये अठरा वर्षांची होणार होती. त्यानंतर इथे राहता येत नाही. पुढची सोय दुसऱ्या जिल्ह्यातल्या अनुरक्षण गृहात होणार होती. पण तिची दहा वर्षांची धाकटी बहीण इथेच होती, आणि ती मागे राहिली असती. तेवढ्यात समुद्राकडच्या एका हॉटेलात फोनवर बुकिंग घेण्यासाठी मुली हव्यात असं कळलं. राहायची सोय तिथेच होती आणि बालगृहापासून एसटीनं तासाभराचा रस्ता. अट एकच, फोनवर इंग्रजीत मुलाखत. मी वहीतले गुण दाखवून अधीक्षकबाईंना खात्री दिली. मनात म्हटलं, हिला नोकरी लागली की आपणही मोकळे.

गुरुवारी अकराला बाईंच्या ऑफिसात फोन स्पीकरवर ठेवला. मी बोलायचं नाही असं ठरलं होतं. पलीकडच्या बाईंनी आधी नाव विचारलं, मग शिक्षण. मुलीनं नीट सांगितलं. तिसरा प्रश्न लांबलचक होता. पाहुणा वेळेआधी आलाय, खोली तयार नाही, तो चिडलाय, तर काय कराल? मधेच लाईन खरखरली. प्रश्न मला कळला, तिला नाही. तिनं तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. मी मनात आकडे मोजत होतो. अकरापर्यंत आलो.

"आर यू देअर?"

"यस," ती म्हणाली आणि पुन्हा गप्प.

"ओके. थँक यू." फोन बंद.

"अगो, परत विचारायचंस की," अधीक्षकबाई म्हणाल्या.

"परत विचारलं की अर्धा गुण जातो," ती म्हणाली. तिनं दोष दिला नाही. नियम माहीत नसलेल्या माणसाला नियम सांगतात, तसं सांगितलं.

मी फोन हातात घेतला आणि म्हटलं, "मी फोन करून सांगतो, चूक माझी आहे."

"काय सांगणार? मी हिचा काका, हिला गप्प बसायला मीच शिकवलंय?" बाईंनी फोन माझ्या हातातून काढून मुलीपुढे सरकवला. "तू कर."

"काय म्हणू, काका?"

एकशे एकवीस शनिवारांत हे वाक्य मी शिकवलं नव्हतं. तेव्हा सांगितलं, "आय डिड नॉट अंडरस्टँड युअर क्वेश्चन. प्लीज आस्क मी अगेन." तिनं ते तीनदा पुटपुटलं आणि नंबर लावला. दोनदा एंगेज लागला. तिसऱ्यांदा त्याच बाईंनी उचलला. तिनं वाक्य अडखळत पण पुरं म्हटलं. पलीकडे कुणीतरी टाइप करत होतं. मग उत्तर आलं, सोमवारी चार वाजता.

त्या शनिवारी मी नियम बदलला. प्रत्येकीनं निदान एकदा "अगेन प्लीज" म्हणायचंच. कुणाचाही विश्वास बसेना.

"मागाहून गुण कापाल."

"नाही कापणार."

"लिहून द्या."

फळ्यावर लिहिलं आणि खाली सही केली. तरी पहिला हात वर यायला वीस मिनिटं लागली. साडेतीनला घरून निघताना मी बायकोला हा शेवटचा शनिवार म्हणून सांगून आलो होतो. खोलीत ते कुणाला सांगितलं नाही.

सोमवारी ती चारदा "अगेन प्लीज" म्हणाली. मोजण्यापलीकडे मला दुसरं काही करता येत नव्हतं. चौथ्यांदा पलीकडच्या बाई जराशा हसल्या. बुधवारी निरोप आला, सहा महिने शिकाऊ म्हणून ठेवतो, राहणं तिथेच, सुट्टी मंगळवारी. म्हणजे मंगळवारी बहिणीकडे येता येईल. बाईंनी मला फोनवर सांगितलं तेव्हा मी टेबलाशी बसून जानेवारीच्या नोंदी तपासत होतो. त्या दिवशी एका बेरजेत दोनदा चुकलो.

ती एप्रिलमध्ये गेली, तोपर्यंत मीही जात राहिलो. पुढच्या शनिवारी मी गेलो तो निरोप घ्यायलाच. तिच्या जागेवर, गाद्यांना टेकून, धाकटी बहीण बसली होती. या वर्गाला अजून लहानच, पण बसली होती.

"ताईनं विचारायला सांगितलंय," ती म्हणाली. "तुम्ही किती शनिवार येणार?"

तिला अठरा पुरी व्हायला आठ वर्षं. चारशे सोळा शनिवार. त्याआधी मी निवृत्त झालेला असेन. आई तोवर असेल की नाही, सांगता येत नाही.

"परत विचार," मी म्हणालो. ऐकू नीट आलं होतं.

तिनं परत विचारलं. मी उठून दाराला कडी घातली आणि फाईल लावली.