आत्या सीरियस हाय

ज्या आत्याला मी मरणाच्या दारात नेऊन ठेवलं, ती नेमकी त्याच वेळी माझ्या पाठीमागं बसून शेंगदाणे खात होती.

बारामतीचं मार्केट यार्ड. तात्या आपल्या कांद्याच्या गोण्यांना टेकून उभे होते. मी जीप गेटातच सोडून पळत गेलो आणि रस्ताभर घोकलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं, "तात्या, चला बिगीबिगी. इंदापूरच्या आत्या लई सीरियस हायेत."

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं. मागून आवाज आला, "कोण? मी व्हय रं?"

आमच्याकडं मरणाची बातमी सरळ सांगत नाहीत. आधी कुणीतरी 'सीरियस' होतं. ज्याला कळवायचंय तो घरी पोचेपर्यंत ते सीरियसच राहतं, पुढचं काय ते दारातली गर्दी सांगते. नव्वद सालानंतर गावात डेअरीवर फोन आला, माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपा आल्या, तरी ही रीत काही मोडली नाही. त्या दिवशी डेअरीतला फोन वाजला तो तात्यांच्या थोरल्यापायी. तो फौजेत विमानं चालवायचा. आमच्या पंचक्रोशीत असा तो एकटाच. लांबच्या एका शहरात विमानांच्या कसरती होत्या, त्यात तो एक जुनं जेट उडवत होता. ते पडलं. तो त्यातच गेला.

चेअरमननी फोन ठेवला आणि डेअरीचं दार आतून लावून घेतलं. आत आम्ही तिघंचौघं. ठरलं ते असं: काकूंना, म्हणजे त्याच्या आईला, दम्याचा त्रास. तात्या शेजारी असल्याशिवाय त्यांना कळता कामा नये. आणि तात्यांना वाटेत कळता कामा नये. एकजण जाऊन तात्यांच्या घरच्या रेडिओतले सेल काढून घेऊन आला. जीप माझी, म्हणून आणायला मी.

"कुणाला तरी सीरियस कर अन् घिऊन ये," चेअरमन म्हणाले. "पर जपून. तुझ्या गाडीला हाय तेवढाबी ब्रेक तुझ्या तोंडाला न्हाय."

आत्या ही निवड माझी. वय झालेलं, इंदापूरला राहणाऱ्या, म्हणजे लगेच कुणी पडताळा घेणार नाही. निघताना आणखी शहाणपणा केला, काकूंनाही तेच सांगून आलो. त्यांनी हातातलं पीठ झटकलं आणि नणंदेसाठी देवापुढं दिवा लावला.

आता ही नणंद त्या दिवशी सकाळच्या एसटीनं बारामतीला डोळे दाखवायला आली असेल, हे मला कुठून ठाऊक? नवाकोरा चष्मा लावून ती माझ्या मागच्या गोणीवर बसली होती आणि त्या चष्म्यातून मला न्याहाळत होती.

"तुमी न्हाय... दुसऱ्या आत्या," मी म्हणालो.

"मला एकच भन हाय," तात्या म्हणाले.

"म्हंजी, माझी आत्या."

"मंग मला कशाला नेतुयास?"

तात्या थोडा वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग त्यांनी डोक्याचा पटका सोडून पुन्हा घट्ट बांधला, अडत्याला हातानं खूण केली आणि जीपकडं चालू लागले. आत्या शेंगदाण्याची पुडी खोचत मागोमाग. "मी बी येते. मी मेले का जित्ती हाय, त्ये घरला तरी कळंल."

बारामती ते आमचं अंथुर्णे हा रस्ता मी एरवी झोपेतही चालवला असता. त्या दिवशी घामानं स्टेअरिंग हातातून निसटत होतं. भीती एकाच गोष्टीची होती, रेडिओची. दुपारच्या बातम्यांची वेळ होत आली होती आणि त्या काळात रस्त्यावरच्या टपऱ्याटपऱ्यांतून रेडिओ ओरडत असायचा. विमान पडलं म्हटल्यावर बातमी येणार. आली तर नावगावासकट येणार.

"च्या घिऊ," तात्या म्हणाले.

"नगं तात्या, हितला पानचट असतो."

पुढची टपरी आली. "मंग हितं?"

"हितला तर लईच वंगाळ."

"हा समद्या टपऱ्यांचा च्या पिऊन बसलाय," आत्या मागून म्हणाल्या. तात्यांनी समोरचा दांडा धरला होता आणि हाताच्या शिरा वर आल्या होत्या.

भवानीनगरच्या अलीकडं गाडी अडकली. साखर कारखान्याचा हंगाम. उसाची एक ट्रॉली कलंडलेली, मोळ्या रस्ताभर, पुढं-मागं ट्रॅक्टर आणि बैलगाड्या. आणि आमच्या अगदी शेजारच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डला सुतळीनं बांधलेला रेडिओ. गाणं चालू होतं.

मला तात्यांचा थोरलाच दिसत होता. शाळेत आम्ही एका बाकावर. सुट्टीत तो मेंढरं राखायचा आणि मी त्याला मदत करायचो. माझी मदत म्हणजे मी राखायला बसलो की मेंढरं हमखास कुणाच्यातरी ज्वारीत शिरायची. शेताचा मालक बोंबलत यायचा, मी पळायचो आणि तात्यांच्या काठ्या तो खायचा. मागल्या दिवाळीला सुट्टीवर आला, तर सगळी दुपार माझ्या जीपच्या बॉनेटमध्ये डोकं घालून होता. म्हणाला, "मी ज्ये उडवतो त्ये हिच्यापरीस म्हातारं हाय. आपल्या आधी जल्मलंय."

"मंग कशाला उडवतोस?"

"एकदा आवाज ऐकलास तर तूबी बसशील."

"मी बसायच्या आधीच उतरंन," मी म्हणालो. तो काळाकुट्ट प्लग हातात धरून कितीतरी वेळ हसत राहिला होता.

ते हसणं आठवलं आणि माझे डोळे भरून आले. शेजारी तात्या. मी डोळ्यात उसाचं कुसळ गेल्याचं नाटक केलं. तेवढ्यात गाणं संपलं आणि बातम्या सुरू झाल्या.

मी हॉर्नवर हात ठेवला आणि काढलाच नाही.

बैल बुजले. गाडीवान ओरडला, "आरं ए! रस्ता बापाचा हाय व्हय तुझ्या?" ट्रॅक्टरवाला म्हणाला, "लईच घाई आसंल तर जा की उडून!" आत्या मागून पाठीत गुद्दे घालायला लागल्या. मी दात आवळून हॉर्न दाबून बसलेलो. शेवटी तात्यांनी माझं मनगट धरलं आणि हात उचलून बाजूला ठेवला. रेडिओवर तोवर कापसाच्या भावाचं चाललं होतं. आमची बातमी होऊन गेली होती की आलीच नव्हती, मला आजही सांगता येणार नाही.

तात्या समोर बघत म्हणाले, "गावात पडलं का रानात?"

मी मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं.

"इमान रं. वस्तीवर न्हाय न्हवं पडलं?"

"न्हाय, तात्या. रानात. दुसऱ्या कुणाला लागलं न्हाय."

आत्यांचे गुद्दे थांबले.

"पीक व्हतं का उभं?"

निम्मं आयुष्य तात्यांनी आपली मेंढरं दुसऱ्याच्या पिकात जाऊ नयेत म्हणून घालवलं होतं. ह्याचं उत्तर फोनवरच्या माणसानं दिलं नव्हतं आणि मला खोटं सुचेना. "ठाऊक न्हाय, तात्या."

"इचारून घ्याया पायजे," ते म्हणाले. मग, "तिला कळलंय?"

"न्हाय. तुमी गेल्यावर सांगायचं ठरलंय."

"मी सांगंन. दुसऱ्या कुणाचं रडणं तिच्या कानावर पडायच्या आधी मी सांगंन. चल."

चल म्हणून जीप थोडीच चालणार होती. तात्या खाली उतरले आणि रस्त्यातल्या मोळ्या उचलून कडेला टाकायला लागले. आत्या उतरल्या. मी उतरलो. मघा शिव्या घालणारा गाडीवानही आला. का ते कुणी कुणाला विचारलं नाही. जीप जाईल एवढी वाट झाली.

लासुर्णे गेलं, जंक्शन नावाचं गाव गेलं. जीपमध्ये आवाज फक्त इंजिनाचा आणि मागून आत्यांच्या नाकाचा. गावाच्या ओढ्यात गाडी घातली आणि मला देवापुढचा दिवा आठवला. मी ब्रेक दाबला.

"आत्या, तुमी जरा आडव्या व्हता का?"

"आँ?"

"काकूंना मी सांगितलंय, तुमी सीरियस हाय म्हणून. तुमी धडधाकट उतरला तर त्यांना दारातच उमगंल."

"मुडद्या!" आत्या म्हणाल्या. पण झाल्या आडव्या. चष्मा काढून माझ्याकडं दिला, मागच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन पडल्या आणि पदर तोंडावर ओढला. भावाला उंबऱ्यापर्यंत जाऊ द्यावं, एवढ्यासाठी.

चेअरमननी माणसं बोळात रोखून धरली होती. अंगणात काकू एकट्या. आणि त्या तात्यांकडं बघतसुद्धा नाहीत. बघतील कशा? आजारी नणंद आली म्हटल्यावर "आक्का!" करत थेट जीपकडंच धावल्या. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. त्यांनी पदर बाजूला केला. आत्यांचे डोळे गच्च मिटलेले आणि पाणी कानात ओघळलेलं. काकूंनी कपाळाला हात लावला.

"ताप तर न्हाय," त्या म्हणाल्या आणि वळून तात्यांकडं पाहिलं.

तात्यांनी त्यांचा दंड धरला. "आत चल." दोघं आत गेली, दार लोटलं गेलं.

बोळातली माणसं पुढं सरकायला लागली तशी आत्या उठून बसल्या आणि नुसता हात करून त्यांना थांबवलं. कुणी हुंदकासुद्धा दिला नाही. मग आतून काकूंचा आवाज आला.

आत्यांनी हात खाली घेतला. पदरानं तोंड पुसलं आणि चष्मा मागितला. मी तो सीटवर बाजूला ठेवला होता आणि नीट सरकून त्यावरच बसून गाव गाठलं होतं. एक काडी पार फेंगडी झालेली. आत्यांनी तो तसाच नाकावर चढवला, आधी माझ्याकडं आणि मग चेअरमनकडं पाहिलं.

"फुडच्या बारीला बैल धाडा," त्या म्हणाल्या. "त्याला बोलता तरी येत न्हाय."